पुणे-नागपूर : एक तास पंचवीस मिनिटे?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे आकडेमोडीची खोड काही सुटत नाही. तर आज एक हिशोब मांडतो.

पुणे ते नागपूर विमानाचं सरळ अंतर साधारण 600 किलोमीटर. रस्त्याने 700च्या वर. रेल्वेने दौंड-मनमाड-भुसावळ असा वळसा घालून जवळजवळ 890. विमान ताशी 800 किलोमीटरने उडतं, म्हणजे पाऊण तासात पोचायला हवं. पण वेळापत्रकात सव्वा ते दीड तास दिलेला असतो. कारण तो वेळ दार लावून विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडे जाऊन उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, सगळं त्यातच येतं. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ. धावपट्टी एकच, आणि तीही त्यांच्यासोबत वाटून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी पहाटे पावणेपाचला नागपूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, आईचं काही खरं नाही. तुमचं नाव घेतेय." माझी थोरली बहीण. मुलगा परदेशी, घरात आम्ही दोघं म्हातारे. मोबाईलवर तिकीट काढता येईना, हात थरथरत होते. हिने शेजारची बेल वाजवली. शेजारच्या मुलीने दहा मिनिटांत तिकीट काढलं. बी विंगमधला एक मुलगा चाकणहून रात्रपाळी करून नुकताच आला होता. बूटसुद्धा न काढता म्हणाला, "काका, चला. हायवेला ट्रेलरची रांग लागलीय, आपण आळंदीवरून जाऊ." चिंबळी, केळगाव, आळंदी, चऱ्होली करत त्याने मला लोहगावला सोडलं.

साडेपाचला घर सोडलं, पावणेअकराला आक्काच्या उशाशी होतो. एकूण सव्वापाच तास. त्यात विमानाचे 1 तास 25 मिनिटं, बाकी 3 तास 50 मिनिटं जमिनीवरचे. आक्काने ओळखलं. "जेवलास का रे?" एवढंच विचारलं. त्याच रात्री ती गेली. दुपारच्या विमानाने गेलो असतो, तर ते दोन शब्द कानावर पडले असते की नाही, कोण जाणे.

आपल्या खेड-चाकण भागात विमानतळ येणार, हे ऐकत आपण कितीतरी वर्षं काढली. 2016 मध्ये तो पुरंदरला ठरला. असो. ते आपल्या हातात नव्हतं. पण त्या पहाटेचं जे जमिनीवरचं अंतर होतं, ते शेजाऱ्यांनी कमी केलं.

आज आपल्या सोसायटीत माझ्यासारखी एकटी-दुकटी ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत. मुलं बेंगळुरूला, कुणाची अमेरिकेत. म्हणून कमिटीला एकच विनंती. रात्री-अपरात्री गाडी काढू शकतील, तिकीट काढून देतील, घराची किल्ली सांभाळतील, अशांची यादी करून प्रत्येक विंगच्या लिफ्टशेजारी लावा. पहिलं नाव माझं लिहा. गाडी आता चालवत नाही, पण किल्ली सांभाळीन, आणि मागे राहिलेल्या माणसाला चहा करून देईन.

पंचवीस वर्षांत इमारतीला तडे गेले, आपण बुजवले. माणसांमध्ये मात्र अंतर पडू देऊ नका.