ऐनवेळचे विषय



ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागली की आम्ही आधी शेवटची ओळ वाचतो. तिथे लिहिलेलं असतं, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. आपले विषय बहुधा त्याच ओळीत असतात. नळाचं पाणी, अंगणवाडीचं गळकं छप्पर, नाक्यावरचा दारूचा गुत्ता. वरचे आठ-नऊ विषय होईपर्यंत दुपारचे दोन वाजतात. मंडळी उठायला लागतात, आपल्यालाही पोरं शाळेतून यायच्या आत घर गाठायचं असतं. मग कोणीतरी म्हणतं, राहू द्या, पुढच्या सभेत घेऊ. बघा, आपल्या विषयाला कोणी नाही म्हटलेलं नसतं. तरी तो मागे पडलेला असतो.

मुंबईत नाहीतर नागपुरात जी मोठी सभा भरते, आपली विधानसभा, तिथेही असंच चालतं का? आम्हाला ते कळलं ते फजिती होऊन.

पनवेल तालुक्यातल्या आमच्या वाड्यांना एक आरोग्य उपकेंद्र आहे. तिथे कितीतरी महिने नर्सबाई नाही. या पावसाळ्यात एका सुनेला कळा सुरू झाल्या आणि रात्री रिक्षात घालून, खड्डे चुकवत, पनवेलला आणावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण त्या रात्री रिक्षात बसलेली तिची सासू आमच्या गटातलीच. ती म्हणाली, आता पुरे झालं. टीव्हीवर पावसाळी अधिवेशन चालू असल्याचं दिसत होतं. आम्ही अकरा जणींनी सह्या केल्या आणि निवेदन घेऊन एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात गेलो. म्हटलं, हा प्रश्न विधानसभेत मांडा.

तिथला मुलगा भला होता. त्याने पाणी दिलं, निवेदन वाचलं आणि म्हणाला, "मावशी, प्रश्न द्यायची मुदत अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच संपते. आता लक्षवेधी देऊन पाहता येईल, पण दिवस उरलेत तीन आणि रांग मोठी आहे." आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. अधिवेशन चालू आहे म्हणजे दार उघडं आहे, असं आम्हाला वाटलं होतं.

मग त्याने टेबलावरचा एक कागद दाखवला. वर लिहिलं होतं, 'कामकाजाचा क्रम'. आधी प्रश्नोत्तरं, मग सभागृहापुढे ठेवायचे कागद, मग लक्षवेधी, मग विधेयकं, मग चर्चा. अगदी ग्रामसभेच्या नोटिशीसारखा.

हा क्रम कोण लावतं, ते आम्ही त्या दिवशी विचारलं आणि नंतर समजूनही घेतलं. विधानसभेची एक कामकाज सल्लागार समिती असते. अध्यक्ष तिचे प्रमुख असतात आणि सत्ताधारी व विरोधी, दोन्ही बाजूंचे नेते तिच्यात बसतात. अधिवेशन किती दिवस चालवायचं, कोणत्या विधेयकाला किती वेळ द्यायचा, कोणती चर्चा कोणत्या दिवशी घ्यायची, हे ती ठरवते. दिवसांची तात्पुरती दिनदर्शिका निघते. वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. नागपूरचं अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारामुळे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये, ही राज्यघटनेची अट आहे. अधिवेशन किती दिवसांचं असावं, ते मात्र राज्यघटनेत लिहिलेलं नाही. त्यामुळे त्यावरून दरवेळी ओढाताण होते.

मोजके दिवस आणि त्यातही मानकरी ठरलेले. सरकारच्या कामाचा मान पहिला. ३१ मार्चच्या आत खर्चाची मंजुरी घ्यावीच लागते, म्हणून अर्थसंकल्पाला जागा राखलेली असते. खात्यांच्या ज्या मागण्यांवर बोलायला वेळ उरत नाही, त्या शेवटी एकदम मताला टाकतात. आपला आरोग्याचा पैसाही कधी असाच न बोलता मंजूर होतो. मंत्री नसलेल्या आमदारांना स्वतःचं विधेयक आणता येतं, पण त्यासाठी आठवड्यात काही तासच, बहुधा शुक्रवारी. प्रश्नांतही दोन जाती आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी उभं राहून उत्तर द्यायचं आणि वर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर. तासाभरात ज्या तारांकित प्रश्नाचा नंबर येत नाही, त्याचंही उत्तर कागदावरच राहतं.

नंबर न लागणं म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलं एक उदाहरण तुम्ही विसरला नसाल. जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सोबती तो वर्षानुवर्षं मागत होते. भूत उतरवायचं म्हणून बाईला मारहाण करणं, मूल होईल असं सांगून भोंदूने तिचा गैरफायदा घेणं, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं, हे गुन्हे ठरावेत एवढं मागणं. यातल्या किती गोष्टी बायांच्या अंगावर येतात, ते तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूरही केलं. पुढे विधान परिषदेत गाडी अडली, विधेयक समितीकडे गेलं. २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक मेलं. नियमच तसा आहे, विधानसभा विसर्जित झाली की असं अर्ध्यावरचं विधेयक रद्द होतं. पुन्हा नव्याने मांडावं लागलं. पुन्हा अधिवेशनं आली आणि गेली. विरोध करणारे होते, उघड होते. पण मतदान घेऊन हे विधेयक फेटाळलं, असं कधी झालं नाही. ते पुढच्या सभेत घेऊ, पुढच्या सभेत घेऊ, असंच होत राहिलं.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला. वटहुकमाचं एक असतं, सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. त्यामुळे आता पुढे ढकलायला जागाच नव्हती. त्या डिसेंबरात नागपूरला १३ तारखेला विधानसभेने आणि १८ तारखेला विधान परिषदेने विधेयक मंजूर केलं. ज्याला इतकी वर्षं वेळ मिळाला नव्हता, त्याला एका अधिवेशनात मिळाला. हे आठवलं की अजून घशात काहीतरी अडकतं.

दिल्लीतही तेच. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० ला मंजूर केलं. लोकसभेत ते चर्चेलाच आलं नाही आणि २०१४ मध्ये ती लोकसभा संपली तसं तेही संपलं. नवं विधेयक मंजूर व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडलं.

म्हणून आम्ही एक साधं काम केलं. गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर वर्षाचं कोष्टक आखलं. अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी, आणि प्रत्येकाच्या दोन महिने आधी लाल खूण. खूण आली की कागद तयार पाहिजे. कागदात रडगाणं नाही. उपकेंद्र कोणतं, पद कधीपासून रिकामं, अर्ज कोणत्या तारखेला कुठे दिला, पोच कुठे आहे, एवढंच. आमच्यातली एक म्हणाली, बचतीचा हप्ता आपण तारीख बघून भरतो, मग हे का नाही?

ग्रामसभेचंही तसंच केलं. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्याकडे ती पंधरा मिनिटांत उरकायची. या १५ ऑगस्टच्या आधी आम्ही ती नीट भरवली, ठराव लिहून घेतला आणि नोटीस टाइप व्हायच्या आत ग्रामसेवकांच्या हातात दिला. नर्सबाईचा विषय चौथ्या नंबरावर लागला. सव्वाबाराला आला. सभा भरलेली होती, वीस मिनिटं बोलणं झालं आणि ठराव वरच्या कार्यालयाला गेला.

नर्सबाई अजून आलेली नाही. हिवाळी अधिवेशनासाठी आमचा कागद मात्र मुदतीत पोचला आहे, पोच आमच्याजवळ आहे. तारांकितमध्ये लागतो का, आणि लागला तर कितवा, ते तुम्हाला याच वेळी सांगू.