दवाखान्यातील मूल आणि गाणे
(छावणी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बँकेतला कारकून. दातांविषयी मला जे कळते ते बाप म्हणून कळलेले आहे. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिची दाढ किडली. दवाखान्यात सिनेमाची गाणी मोठ्याने चालू होती, तरी यंत्र सुरू होताच तिने तोंड घट्ट मिटले. घरी येताना म्हणाली, "पप्पा, त्या गाण्यानं आणखीच आवाज होत होता."

पोरीचे खरे होते. यंत्राची ती किरकिर दातातून, जबड्याच्या हाडातून कानाशी पोहोचते आणि लेकरू आवाजालाच दुखणे समजते. अमेरिकेतील दंतवैद्य गार्डनर आणि त्यांचे सहकारी लिकलायडर यांनी १९६० साली 'सायन्स' नियतकालिकात यावर लिहिले. रुग्णाच्या कानांवर हेडफोन. एरवी संगीत, दुखू लागले की धबधब्यासारखा घोष, आणि बटण रुग्णाच्याच हातात. १९६३ साली मेलझॅक प्रभृतींनी बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावून पाहिले. नुसत्या आवाजाने काही साधले नाही, नुसत्या धीर देण्यानेही नाही. दोन्ही मिळून मात्र माणसे जास्त वेळ सोसू शकली.

मला यातले बटण महत्त्वाचे वाटले. पुढच्या खेपेला दुसऱ्या दवाखान्यात गेलो तेव्हा गाणे मुलीनेच निवडले: तिच्या आजीने म्हटलेला बाबासाहेबांचा पाळणा, मोबाईलवर भरून घेतलेला. मोबाईल तिच्या हातात, इअरफोन एकाच कानात, म्हणजे डॉक्टरांचे बोलणे ऐकू येईल. हात वर केला की थांबायचे, असे डॉक्टरांनी कबूल केले. बधिर करण्याचे इंजेक्शन द्यावेच लागले, तेव्हा ती रडलीही. गाणे काही औषध नव्हे. पण हात दोनदा वर झाला, डॉक्टर दोन्ही वेळा थांबले आणि दाढ भरून झाली.

"अजिबात दुखणार नाही" असे मुलांना सांगू नका; एकदा खोटे ठरलात की गाणेही कामाचे राहत नाही. आणि दंगा केला म्हणून "सुई टोचायला लावीन" ही धमकी तर घराघरात आहे, माझ्याही घरात होती.

दुधाची दाढ पडणारच, म्हणून आपण थांबतो. पण ती दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. घाटीच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय १९८२ पासून आहे, आणि आपण तिथे गाल सुजल्यावर जातो. पहिल्यांदा नुसते दाखवायला न्या. खुर्ची पाहू द्या, यंत्राचा आवाज ऐकू द्या.

सोबत कोणी हवे असेल तर रविवारी वंदनेनंतर मी इथेच असतो. जय भीम.