सुटीच्या दिवशींची दौड

श्रोतेहो, जानेवारीचा तिसरा रविवार हा मुंबईंत आतां एखाद्या सणासारखा साजरा होऊं लागला आहे. त्या दिवशीं पहाटे, सूर्योदयाला बराच अवकाश असतां, छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरांत हजारों स्त्रीपुरुष गार वाऱ्यांत हात चोळीत उभे असतात. त्यांत कारकून असतात, शिक्षिका असतात, नुकतेच सेवानिवृत्त झालेले गृहस्थही असतात. आपल्याला बक्षीस मिळणार नाहीं, हें त्यांतील बहुतेकांना पक्कें ठाऊक असतें. मग सुटीची साखरझोप मोडून हीं माणसें येथें कशासाठीं येतात, असा प्रश्न घरीं पांघरुणांत पडून राहिलेल्या मनुष्याला पडणें साहजिक आहे. त्याचाच आज थोडा विचार करूं.

ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉनची शर्यत प्रथम धांवण्यांत आली ती १८९६ सालीं, अथेन्स येथें. आणि ती जिंकली स्पिरिडॉन लुई नांवाच्या एका ग्रीक पाणक्यानें. ४२ किलोमीटर १९५ मीटर हें आजचें अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासूनचें. १९२१ सालीं तें कायम ठरलें. आपल्या लोकांचा या शर्यतीशीं असलेला संबंधही लहानसहान नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यांतून आलेले धांवपटू अनवाणी धांवतांना सर दोराबजी टाटा यांनीं पाहिले, आणि अशा खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याची खटपट त्यांनीं केली. १९२० सालीं अँटवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले व २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत ती पुरी करून त्यांनीं १९ वा क्रमांक मिळविला.

तेव्हां ही निवडक वीरांची शर्यत होती. सामान्य नागरिकांना तिची वाट खुली झाली ती बऱ्याच काळानें. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं सुरू झाली, मुंबईची २००४ सालीं. मुंबईंत २०२३ सालीं इथिओपियाच्या हायले लेमी यांनीं २ तास ७ मिनिटें ३२ सेकंदांत शर्यत जिंकली. त्याच रस्त्यावरून, त्याच दिवशीं, तेंच अंतर तोडायला एखाद्या विमा कचेरींतील गृहस्थाला पांच-सहा तास लागतात. तरी त्याच्यासाठींही रस्ता मोकळा ठेवलेला असतो. ज्या सागरी सेतूवर एरवीं पायीं जाणाऱ्याला मज्जाव आहे, त्यावरून तो समुद्राचा वारा खात जातो. पेडर रोडची चढण त्याचा दम काढते. पण तेथेंच अनोळखी घरांतील मुलें संत्र्याच्या फोडी घेऊन उभीं असतात. वर्षभर ज्या रस्त्यावर आपण मोटारींना भिऊन अंग चोरून चालतों, तो एका सकाळीं आपला होतो. सुटीचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाहीं.

मात्र उत्साहाला विवेकाची जोड हवी. ही दौड थंडीच्या दिवसांत ठेवतात तें सोयीसाठींच. धांवतांना शरीर पुष्कळ उष्णता निर्माण करतें व ती घामावाटे बाहेर टाकतें. मुंबईच्या दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं. म्हणून ऊन चढण्यापूर्वीं जितकें अंतर तोडलें जाईल तितकें बरें. स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखरही सुमारें तीस किलोमीटरनंतर संपत येते आणि पाय एकाएकीं शिशासारखे जड होतात. ही अवस्था टाळावयाची तर चार-पांच महिने बेताबेतानें अंतर वाढवीत सराव केला पाहिजे. बरोबरच्या माणसाशीं बोलतां येईल इतकाच आरंभीं वेग असावा. पाणी प्यावें, पण तहान नसतां घटाघट पिऊं नये. अति पाण्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरून जीवावर बेतूं शकतें. चाळिशी उलटलेल्यांनीं आधीं डॉक्टरांकडून प्रकृति तपासून घ्यावी. आणि छातींत दुखूं लागलें कीं मानापमानाचा विचार न करतां थांबावें. ज्याला ४२ किलोमीटर झेपत नाहींत, त्याच्यासाठीं २१ किलोमीटरची अर्धी दौड आहे, दहा किलोमीटरची आहे. वृद्धांसाठीं व दिव्यांगांसाठींही लहान दौडी ठेवलेल्या असतात.

परंतु सराव म्हणजे वेळ. आणि घरांत हा वेळ कोणाच्या वांट्याला येतो, हें पाहण्यासारखें आहे. स्त्रियांना इतकें अंतर झेपणारच नाहीं, असें जाणते म्हणविणारे लोक पुष्कळ वर्षें छातीठोकपणें सांगत होते. १९६७ सालीं बोस्टनच्या शर्यतींत कॅथरिन स्विट्झर धांवत असतां एका अधिकाऱ्यानें मध्येंच येऊन त्यांच्या अंगावरील क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. तरी त्यांनीं शर्यत पुरी केली. बोस्टननें स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला १९७२ सालीं, आणि ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची मॅरेथॉन सुरू होण्यास १९८४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं लॉस एंजेलिस येथें अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांनीं ती २ तास २४ मिनिटें ५२ सेकंदांत जिंकली. हें अंतर एके काळीं बहुतेक पुरुषांनाही अशक्य वाटलें असतें!

नियमांच्या पुस्तकांतील अडसर अशा रीतीनें दूर झाला. घरांतील अडसर मात्र कोणत्याही पुस्तकांत लिहिलेला नसतो, म्हणून तो काढणें अवघड. यजमान पहाटे बूट चढवून सरावाला बाहेर पडतात, आणि ते परत येईपर्यंत चहा, डबा व मुलांची वेणीफणी यांत गृहिणीची सकाळ सरते. पुढें यजमानांच्या गळ्यांतील पदकाचें सर्वांना कौतुक वाटतें; त्या पदकांत जिच्या पहाटा खर्ची पडल्या तिचा क्रमांक कोणी विचारीत नाहीं. शहरानें वर्षांतून एक दिवस आपले रस्ते सर्वांना मोकळे करून दिले; घराला आठवड्यांतून दोन पहाटा मोकळ्या करून देणें अवघड कां वाटावें?

तेव्हां, श्रोतेहो, येत्या हिवाळ्यांत आपल्यापैकीं कोणी धांवण्याचा संकल्प करणार असेल, तर तो एकट्यानें करूं नये. पाळी लावावी. एका रविवारीं त्यांनीं धांवावें, दुसऱ्या रविवारीं तिनें. आणि जो घरीं राहील त्यानें चहाचें आधण ठेवावें.