चांदीची एकच चमकणारी जागा

बसमध्ये असाल तर इअरफोन नीट लावा, कारण आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. गोष्ट चांदीची आहे. पैंजणांची नाही, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी लॅबमध्ये उकळलेल्या चांदीची.

आधी थोडं रामन. 1928, कोलकाता. रेणूवर प्रकाश टाकला की तो जवळजवळ सगळा त्याच रंगात विखुरतो. साधारण कोटीत एखादा फोटॉन मात्र रंग किंचित बदलून येतो. तो बदल रेणूच्या कंपनातून येतो, म्हणून तो त्या रेणूचा अंगठ्याचा ठसाच समजा. पण कोटीत एक! फळाच्या सालीवर औषधाचा जरासा अंश असेल, तर दिसणार काय, कपाळ?

1974 मध्ये इंग्लंडात साउथॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड खरखरीत केला आणि त्यावर चिकटलेल्या पिरिडीनचा सिग्नल एकदम दणदणीत आला. (हो, 1989 च्या कोल्ड फ्यूजनवाले फ्लाइशमन ते हेच.) त्यांना वाटलं, खरखरीत पृष्ठभागावर जागा जास्त, म्हणून रेणू जास्त बसले. 1977 मध्ये दोन वेगळ्या गटांनी हिशेब मांडला, तर तो जुळेना. एकेक रेणूच लाखपटीने जास्त सिग्नल देत होता.

असं का होतं? चांदीतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र झुलतात आणि पृष्ठभागालगत विद्युतक्षेत्र दाटतं. सिग्नल त्या क्षेत्राच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे क्षेत्र दहापट झालं तर सिग्नल दहा हजारपट! दोन कणांमधल्या अगदी अरुंद फटीत हे सगळ्यात जास्त होतं. त्या जागेला हॉट स्पॉट म्हणतात. सोनं आणि तांबंही हे करतं, पण दृश्य प्रकाशात चांदीच भारी.

माझी रेसिपी ली आणि मायझेल यांची, 1982 ची: 500 मिली पाण्यात 90 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, उकळी आली की 1 टक्का सोडियम सायट्रेटचे 10 मिली, मग तासभर उकळत ठेवायचं. पाणी हिरवट-पिवळट गढूळ होतं. त्यात थायरम हे बुरशीनाशक घातलं आणि थेंब काचेवर वाळवला. थायरममध्ये गंधक असतं आणि चांदीला ते घट्ट चिकटतं. पैंजण काळे पडतात तेही गंधकामुळेच.

लेसर लावला. 1380 च्या आसपासचं पीक (शेतातलं नव्हे!) स्क्रीनच्या छताला टेकलं. मी नाचायचीच बाकी होते. स्लाइड केसभर सरकवली आणि पीक गायब.

एक सीनियर म्हणाला, "अगं, चांगला आलाय तोच टाक, सगळे तेच करतात." मी टाकला. सेमिनारला बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "किती ठिकाणी मोजलंस?"

"एका."

पुढे काही बोलल्या नाहीत त्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी 2008 चा, सायन्समधला एक पेपर वाचला. चांदीच्या एका पृष्ठभागावर त्यांनी जागांची मोजदाद केली होती. सगळ्यात हॉट जागा दहा लाखांत फक्त 63, आणि एकूण सिग्नलचा 24 टक्के वाटा त्यांचा! म्हणजे माझा लेसर नशिबाने अशाच एखाद्या गर्दीवर पडला होता. सालीवर औषध किती आहे, हे त्या एका पीकवरून मी कुणाला सांगणार होते? शेतकऱ्याचा माल त्यावर नाकारला गेला असता तर?

मग 50 ठिकाणी मोजलं. सरासरी बरीच खाली आली, फरक लाजिरवाणा मोठा निघाला. आठवडाभर कोलॉइडही नव्याने उकळत बसले, कारण जुन्या बाटलीत तळाशी राखाडी साका जमला होता. रिपोर्टमध्ये तो पहिला स्पेक्ट्रम अजून आहे. त्याखाली लिहिलंय, "50 पैकी सर्वांत चांगला."

चला, माझा स्टॉप आला. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ.