लाल्या: रोग नव्हे, झाडाची उपासमार
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



दसरा-दिवाळीच्या सुमारास कोरडवाहू कपाशीच्या मुलखात कुठेही जा, एकच तक्रार कानावर येते: "पऱ्हाटी लाल पडली, लाल्या आला." फुले लागली आहेत, बोंडे भरायची आहेत आणि नेमकी तेव्हाच पाने लाल होऊन गळायला लागतात. शेतकरी एक पान खिशात घालून तालुक्याचे कृषी केंद्र गाठतो. दुकानदार पान उलटेसुलटे करतो आणि तीन बाटल्या पुढे ठेवतो: एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक. पैसे नसले तर उधारीच्या वहीत नाव. अशी बिले आम्ही गावोगाव पाहिली आहेत. पुष्कळदा झाडाला जे हवे होते ते त्या बिलात नसतेच.

दुकानदार एक प्रश्न विचारत नाही: हे पान झाडावर कुठले? खालचे की शेंड्याचे? निम्मे निदान या एका प्रश्नात आहे.

घरात दाणे कमी पडले की माय आपल्या ताटातली भाकर लेकराला देते. झाडही तेच करते. जमिनीतून नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम पुरेसे मिळाले नाही, तर जुन्या पानांतले काढून ते बोंडाला आणि शेंड्याला पाठवते. म्हणून यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. लोहाला मात्र असे जागचे हलता येत नाही. त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते.

आता बांधावर उभे राहून पाहायचे कसे?

खालची पाने शिरांसकट सारखी फिकट, पिवळी पडली, तर नत्र कमी.

खालच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग आधी पिवळा, मग लाल झाला, तर मॅग्नेशियम कमी.

पानाच्या कडा तांबूस होऊन करपल्या, तर पालाश कमी. बोंडे जास्त लागली असतील तर ही खूण वरच्या पानांवरही दिसते, म्हणून इथे जागेपेक्षा कड पाहा.

शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. चुनखडीच्या रानात हे जास्त. त्याच रानातल्या ज्वारीच्या कोवळ्या पानांवरही उभे पिवळे-पांढरे पट्टे दिसतील.

आणि पान उलटे केल्याशिवाय निकाल देऊ नका. कडा खाली मुडपलेल्या, कडेकडून लाली चढलेली आणि पानाखाली तिरपे चालणारे हिरवे तुडतुडे असतील, तर भूक नव्हे, चोर आहे. तिथे खत फवारून उपयोग नाही. रानात पाणी साचले असेल तर आधी चर काढा, कारण गुदमरलेली मुळे खाणार काय? रात्री एकदम गारठल्या की थोडी लाली येतेच. तीही ध्यानात ठेवा.

लाल्या वाढला कशाने? 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. सुरुवातीची पाती अळीपासून वाचू लागली आणि बोंडे एकदमच लागू लागली. झाडाची भूकही एकदमच लागते. आपण मात्र पेरताना एक डोस देतो, पाऊस साधला तर युरियाचा दुसरा देतो आणि हात झटकतो. हलक्या रानात बोंडे भरायच्या वेळी झाडाच्या ताटात काहीच उरत नाही.

उपाय सोपा आहे. 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि 300 ग्रॅम युरिया. जमिनीत ओल असताना सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर फवारा. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एका पंपात घालू नका, साका होऊन खाली बसतो. पुढच्या हंगामात हलक्या रानाला जमिनीतूनच एकरी 8 ते 10 किलो मॅग्नेशियम सल्फेट द्या आणि नत्र दोन-तीन हप्त्यांत विभागा.

पण आमच्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. शेतकी पदवीचा कागद आमच्याकडे आहे, रान तुमचे आहे. आधी चार तासांवर फवारा, शेजारचे चार तास तसेच ठेवा. लाल झालेले पान पुन्हा हिरवे होणार नाही, ते पाहू नका. वरची पाने टिकली का, बोंड भरते का, ते पाहा. फरक दिसला तर सगळे रान फवारा. नाही दिसला तर निदान चुकले. पण चुकीची किंमत चार तासांपुरतीच राहिली.

आता सरकारचा हिशेब. फेब्रुवारी 2015 मध्ये मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेत बारा बाबी ठरवल्या: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. मोजून घ्या. मॅग्नेशियमचा रकाना त्यात नाही. ज्याच्या कमतरतेने आमची पऱ्हाटी लाल होते, तेच मोजायचे राहिले! कपाशीच्या जिल्ह्यांत हा रकाना वाढवा, ही मागणी आज या मेळाव्यातून गेली पाहिजे. युरियाच्या पोत्याबरोबर नको ते टॉनिक गळ्यात मारणे बंद झाले पाहिजे, ही दुसरी.

कापसाचा भाव ठरवणे आज आपल्या हातात नाही. त्यासाठीची लढाई चालूच राहील. पण नको त्या बाटलीवर गेलेला रुपया आपल्याच खिशातला आहे आणि तो वाचवायला कोणाची परवानगी लागत नाही. उद्या रानात गेलात की वाकून खालचे पान पाहा, मग शेंड्याचे पाहा. आणि मगच दुकानाची पायरी चढा.