जुन्या जीपच्या इंजिनातील ‘मिसिंग’
(वाहनचालकांपुढील भाषण)

रुग्णाला दवाखान्यात नेणारी जुनी पेट्रोल जीप घाटात अडखळू लागली की साऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी दोष प्रथम इग्निशन कॉइलवर ढकलला जातो. परंतु नवी कॉइल बसवूनही पुष्कळदा दोष कायम राहतो.

विलीज बनावटीच्या हरिकेन इंजिनात सिलिंडर चार, पण कॉइल एकच. म्हणून एकच सिलिंडर चुकत असल्यास दोष बहुधा प्लग, त्याची तार, डिस्ट्रिब्यूटरचे टोपण किंवा व्हॉल्व्ह यांत असतो. चारही अडखळत असल्यास पॉइंट, कंडेन्सर, कॉइल व पेट्रोलचा पुरवठा पाहावा. पॉइंटमधील फट ०.०२० इंच व प्लगमधील ०.०३० इंच असावी.

तापल्यावर बंद पडणारे इंजिन निवल्यावर सुरू होत असेल, तर ते गरम असतानाच ठिणगी तपासावी. ती जोमदार व निळसर असल्यास पेट्रोलच्या पुरवठ्याकडे वळावे. क्षीण व पिवळट असल्यास पॉइंट स्वच्छ करून आधी स्वस्त कंडेन्सर बदलावा, मगच कॉइल.

कॉइलमधील दाब हजारो व्होल्टचा असतो. तार उघड्या हाताने धरू नये. पेट्रोल सांडलेले असता ठिणगी पाडू नये.

क्रमाने केलेली तपासणी पैसा वाचविते आणि घाटातील खोळंबाही टाळते.