समुद्रातील मंच आणि उलटे गणित

जबलपूरच्या श्रोत्यांना समुद्र दूरचा असला, तरी नर्मदेच्या प्रवाहात रोवलेला बांबू कसा थरथरतो हे ठाऊक आहे. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले. तेथील पोलादी मंच लाटांच्या माऱ्यात असेच कंप पावतात. मंचाचा स्वाभाविक आंदोलनकाल लाटांच्या आवर्तनकालाजवळ गेला, तर कंप वाढतो व सांध्यांना तडे जाऊ शकतात. सरसकट पोलाद वाढवणे हा उपाय नव्हे. माथ्यावरील जादा पोलाद वजन वाढवून आंदोलनकाल लांबवते; तिरप्या आधारांतील पोलाद ताठरपणा वाढवून तो घटवते.

पूर्वी अभियंता बदल सुचवून परिणाम मोजत असे. संगणकीय पुनर्रचनेत इष्ट आंदोलनकाल आधी ठरतो. कोणत्या नळीची जाडी किती बदलावी, हे गणित सांगते. मंचावर माणसे रात्रंदिवस राबतात, म्हणूनच हे उत्तर अचूक असावे लागते.